सुरतेतलं नखांचं जहाज

दोंडाईच्याच्या फलाटावर सुरतेची गाडी लागली तेव्हा हवेत सकाळचा गारवा होता आणि मिरचीच्या वखारींकडून येणारा ठसका नेहमीसारखा नाकात होता. आमच्याकडून सुरतेला जाणारं माणूस रिकाम्या हातानं जात नाही. कोणाच्या पोत्यात बाजरी, कोणाच्या डब्यात पापड, कोणाच्या पिशवीत लग्नाच्या पत्रिका. माझ्या पिशवीत दोन साड्या, एक पुस्तक, थोडं कळण्याचं पीठ (ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं) आणि माझ्या भावाचा फोन होता.

भावाचं नाव निखिल. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान, आई-वडलांमागे मीच वाढवलेला. सुरतेजवळ सचिन म्हणून औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या कापड रंगवायच्या एका कारखान्यात तो रंगांच्या छटा जुळवायचं काम करायचा. गेल्या भाद्रपदात डेंग्यूनं गेला. चार दिवस इस्पितळात होता. मला तिसऱ्या दिवशी कळलं, कारण ताईला सांगू नका, ती घाबरेल, असं त्यानं मित्रांना बजावलं होतं. मी निघायच्या तयारीत होते तेवढ्यात फोन आला की आता निघू नका, आम्हीच त्याला घेऊन येतो.

ते ‘आम्ही’ माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

निखिल सुरतेत एका बँडमध्ये गातो, एवढं मला माहीत होतं. काय गातो हे मी विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. तो गेल्यावर दोन महिन्यांनी भावेशचा निरोप आला. भावेश त्याचा सर्वांत जवळचा मित्र, बँडमध्ये ड्रम वाजवणारा. त्यानं लिहिलं होतं की सगळी गाणी ध्वनिमुद्रित झाली आहेत, फक्त शेवटच्या गाण्यात निखिलचा आवाज भरायचा राहिला. त्याच्या फोनमध्ये काही सापडेल का, ताई? सापडलं नाही तर ते गाणं आम्ही तसंच ठेवू, दुसऱ्याला गायला देणार नाही.

मी उत्तर दिलं, फोन चालू होत नाही.

फोन चालू होता. त्यात चार मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण होतं, आजारी पडायच्या आठवडाभर आधीचं. सुरुवातीला निखिल घसा खाकरतो आणि म्हणतो, “भाव्या, हाई आयक.” (भाव्या, हे ऐक.) मग गाणं. ते त्यानं पाठवलं नाही. बहुधा ताप आला. ते ज्याच्यासाठी होतं त्याला ठाऊक नव्हतं, आणि जिच्यासाठी नव्हतं ती मी ते रोज ऐकत होते. त्या मुलांकडे निखिलची पाच वर्षं होती. माझ्याकडे ही चार मिनिटं होती, आणि ती द्यायचा माझा विचार नव्हता. मी सुरतेला निघाले ते त्याच्या गाण्यांची वही आणायला. निदान स्वतःला मी तसं सांगितलं होतं.

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे जाण्यापूर्वी वाचून घेतलं. या संगीताला ब्लॅक मेटल म्हणतात. काही दशकांपूर्वी ते युरोपच्या उत्तरेला, मुख्यतः नॉर्वेत वाढलं. गाणारे किंचाळतात, चेहरे प्रेतासारखे पांढरे रंगवतात. त्यातले बरेच जण ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या आपल्या जुन्या देवांची गाणी रचतात. एक डोळा देऊन ज्ञान घेणारा ओडिन, त्याला जगभरच्या बातम्या आणून देणारे दोन डोमकावळे, सगळी जगं तोलून धरणारं एक झाड, आणि हेल नावाची मृतांची राणी. त्या पोरांपैकी काहींनी जुनी लाकडी चर्चही जाळली होती, काहींनी रक्ताचा आणि वंशाचा विषारी अभिमान त्यात आणला. हे वाचून मी पुस्तक मिटलं होतं. आमचा निखिल मुंगी दिसली तरी पाय उचलणारा.

नंदुरबारला समोरच्या बाकावर एक बाई येऊन बसल्या. सुरतेत कोण असतं, त्यांनी विचारलं. मी म्हणाले, भाऊ. काय करतो? का कोण जाणे, मी कारखान्याचं बोललेच नाही. गातो, म्हणाले.

“भजनं?”

“तसंच काहीसं. देवांचीच असतात.”

बाईंनी समाधानानं मान हलवली आणि मला एक पेरू दिला.

नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. गाडी थांबली की लोक उतरून उगाच इकडून तिकडे जाऊन येतात; मीही जाऊन आले. निखिल पहिल्यांदा नोकरीला निघाला तेव्हा त्यानं इथूनच मला फोन केला होता. त्यानंतरच्या कुठल्या स्टेशनातून केल्याचं मला आठवत नाही. पुढे डोंगर उतरत गेले, सागाची वाळकी पानं रुळांपर्यंत आली, आणि बारडोलीच्या आधी दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. साखर कारखान्याचा हंगाम होता. उकळत्या रसाचा जड, गोड वास डब्यात शिरला, आणि ठसका कधी मागे पडला ते कळलं नाही.

सुरतेच्या अलीकडच्या उधन्याला उतरले. भावेश फलाटावर उभा होता. उंच, किडकिडीत, लांब केस मानेवर बांधलेले. काळ्या टी-शर्टवर बाभळीच्या काट्यांची जाळी पसरावी तशी अक्षरं होती. ते बँडचं नाव, असं त्यानं सांगितलं. मला एकही अक्षर लागलं नाही. वाचता येऊ नये असंच असतं ते, ताई, तो म्हणाला. तो पाया पडला. माझी पिशवी घेण्यापूर्वी त्यानं बाकावर बोटांनी दोनदा टकटक केलं आणि म्हणाला, “हा, बस, चला.”

मी जागीच थांबले. गेल्या दोन-तीन वर्षांत निखिल घरी आला की उठण्यापूर्वी अशीच दोनदा टकटक करायचा आणि ‘हा, बस’ म्हणायचा. मला ती त्याची लकब वाटायची. घरात कोणी तशी टकटक केली तरी मला रडू यायचं. ती लकब याची होती. निखिलनं उचललेली.

सुरतेच्या डिंडोली या खानदेशी वस्तीत शिरलं की आपण गुजरातेत आहोत हे विसरायला होतं. पाट्या गुजराती, पण दारात वाळवणं आपली, हाका आपल्या. भावेशचं घर दोन खोल्यांचं. त्याचे वडील, आप्पा, शिंदखेड्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सुरतेच्या यंत्रमागांवर घालवली. मागांच्या आवाजानं त्यांचे कान जवळजवळ गेले आहेत. भावेशच्या आई विमलमावशी दारातच उभ्या होत्या.

“ये वं माय, बठ. दमी गयी व्हशी.” (ये गं बाई, बस. दमली असशील.) मग भिंतीकडच्या पाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “तुना भाऊ आठेच बठे.” (तुझा भाऊ इथंच बसायचा.)

आमच्या घरीही पूर्वी अहिराणीच होती. नोकरी लागल्यावर मी ती बाजूला ठेवली आणि निखिललाही शुद्ध मराठीच शिकवली. तो माझ्याशी पुस्तकातल्यासारखं बोलायचा. इथं अहिराणी बोलायचा, आणि मावशींच्या सांगण्यावरून खूप बोलायचा.

त्या पाटावर मला बसवलं. ताटात कळण्याची भाकरी, ठेचा आणि वांग्याचं भरीत आलं. निखिलला हे भरीत फार आवडायचं, मावशी म्हणाल्या, दोनदा घ्यायचा. मी म्हटलं, निखिल वांगं खात नव्हता, त्याच्या घशाला खाज सुटायची. लहानपणापासून मी त्याच्यासाठी वेगळी भाजी करत आले होते. मावशींना ते ऐकून नवल वाटलं. त्यांनी त्याला कधी विचारलंच नव्हतं. सगळ्यांना वाढलं तसं त्यालाही वाढलं आणि त्यानं खाल्लं. मी घास गिळला. भरीत उत्तम झालं होतं, आणि त्याचाही मला राग आला.

जेवताना मावशी ओडिनबद्दल बोलायला लागल्या तेव्हा मला ठसकाच लागला. निखिलनं त्यांना सगळ्या कथा सांगितल्या होत्या, भाजी निवडता निवडता. डोळा देऊन शहाणपण घेतलं इथपर्यंत ठीक, मावशींचं मत होतं. पण शहाण्या माणसानं झाडाला नऊ दिवस उपाशी लटकायची काय गरज? घरात कोणी विचारणारं नव्हतं का? भावेश म्हणाला, अगं बायको होती त्याची. मग ती काय करत होती, मावशी म्हणाल्या. चेहरे रंगवण्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. गावाकडच्या भोवाड्यात (देवांचे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात) त्यांचे मामा असेच तोंड रंगवून नाचायचे. फक्त सुरतेच्या उकाड्यात तो पांढरा रंग वितळून पोरांच्या गळ्यात उतरायचा आणि कॉलर त्यांना धुवाव्या लागायच्या. बर्फाचे फोटो हवेत म्हणून ही मंडळी एकदा बर्फाच्या कारखान्यात जाऊन उभी राहिली आणि चौघंही सर्दी घेऊन आली.

सगळे हसले. आप्पांना ऐकू गेलं नाही, पण तेही हसले. एक पाहुणी म्हणून मीही हसले. आमच्या घरी इतकी पुस्तकं, त्याला कथा सांगायला मी होते, ऐकायलाही मीच होते. तरी कथा सांगायला त्यानं हा ओटा निवडला होता.

दुपारनंतर भावेशनं वही आणून दिली. शंभर पानी, कडांना निळ्या-जांभळ्या रंगाचे डाग. मी खिडकीशी बसून ती पहिल्या पानापासून वाचली. बहुतेक गाणी इंग्रजीत, मधेमधे अहिराणी ओळी. मला गाण्यांची पारख नाही. मी वाचत होते ते वेगळ्याच कारणासाठी. त्या वहीत आप्पांचे माग होते. ओडिनच्या आठ पायांच्या घोड्याच्या टापा त्यानं मागांच्या ठोक्यांवर बसवल्या होत्या. मावशींची चूल होती. हेलच्या दारात बसलेली एक म्हातारी भाकरी थापत होती. रंगाच्या हौदांमधून निघालेली तीन रंगांची नदी होती. दोंडाईचा नव्हतं. मिरची नव्हती. बहीण कुठंच नव्हती. उपमेतसुद्धा नव्हती. मी दोनदा पाहिलं.

संध्याकाळी आप्पा मला तापी दाखवायला घेऊन गेले, भावेश सोबत. वाटेत पोंक घेतला. पोंक म्हणजे ज्वारीचा हुरडाच, पण इथं तो लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर खातात. मी म्हटलं, आमच्याकडे हुरड्याला नुसती चटणी पुरते. भावेश हसला. निखिलही अगदी हेच म्हणायचा, आणि मग शेव जास्त मागायचा.

सुरतेत तापी रुंद आणि संथ आहे. पलीकडच्या इमारतींचे दिवे लागत होते. आप्पांनी विचारलं, अस्थी कुठं सोडल्या. मोठ्यानं सांगावं लागलं. प्रकाशा, मी म्हणाले. आमच्याकडचे सगळे तिथंच सोडतात.

आप्पांनी मान डोलावली. “मग आलाच तो इथं. तापी प्रकाशाहून आमच्याकडेच येते.”

भावेशनं त्यांना कोपरानं ढोसलं. आप्पांना वाटलं, आपलं बोलणं चुकीचं आहे म्हणून तो अडवतोय. तेव्हा ते म्हणाले, “आता मधे उकाईचं धरण आहे म्हणा. थोडा तिथं थांबला असेल.”

ते चांगल्या मनानं बोलले होते. मी नदीकडे पाहत राहिले. अस्थी सोडताना मी पाण्यात उभी होते, कलश माझ्या हातात होता, आणि ती एक गोष्ट पूर्णपणे माझी आहे असं मला वाटलं होतं. नकाशात तापी कुठं जाते हे मी दरवर्षी मुलांना दाखवते. त्या दिवशी माझ्या ते डोक्यातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावेशनं मला सचिनला नेलं. निखिलचा कारखाना बाहेरून पाहिला. फाटकाला वाफेचा आणि ओल्या कापडाचा वास होता. तिथून दोन गल्ल्या पुढे यंत्रमागांचं एक खातं (इथं मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात), आणि त्याच्या मागच्या भिंतीला लागून बँडची खोली. खोली तिथंच का, तर मागांच्या आवाजात ड्रमची तक्रार करायला कोणी येत नाही. खात्यात आवाज असा होता की दोन माणसं एकमेकांशी ओठांच्या हालचालीवरून बोलत होती. आप्पांनी या खात्यात शेवटची काही वर्षं काढली होती. भावेश म्हणाला, त्याचे खरे गुरू आप्पाच. ऐकू येत नाही, पण सरावाला येऊन ते जमिनीवर तळपाय टेकून बसायचे. मागाचा धागा तुटला की ठोका चुकतो. तसं ड्रमचं चुकलं की आप्पांच्या पायाला कळायचं आणि ते हात वर करायचे.

खोलीत दोन गिटारवाले वाट पाहत होते. बोलण्याआधी तिघांनीही बूट काढले. भिंतीवर झाडाचं चित्र होतं, त्याच्या मुळांशी माग काढलेले. मधोमध एका दांडीवर निखिलचा मायक्रोफोन होता आणि त्याच्यामागे कोणी उभं नव्हतं.

मी विचारलं की तुम्हाला हेच देव का हवेत, आपल्याकडे काय कमी आहेत. भावेशनं थोडा विचार केला. गावाकडचे देव आजोबांबरोबर गावाकडे राहिले, तो म्हणाला. सुरतेतल्या देवांची वर्गणी आम्ही देतो, पण ते आमचे आहेत की नाही कळत नाही. निखिल म्हणायचा, या देवांना आता कोणीच पूजत नाही, म्हणून ते कोणाला हाकलून लावत नाहीत. वंशाचा अभिमान मिरवणाऱ्या तिकडच्या बँडांबद्दल मी विचारलं. अशा एका बँडनं यांना विचारलं होतं, तुम्ही काळे लोक आमच्या देवांची गाणी कशी गाता. निखिलनं उत्तर पाठवलं होतं की तुमच्या अंगातलं कापड आम्ही विणतो, तेव्हा थोडे देव आम्हाला चालतील.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. माझा भाऊ विनोदी होता हे मला दुसऱ्यांनी सांगितलं.

मग त्यांनी शेवटचं गाणं वाजवलं. सुरू होण्यापूर्वी भावेशनं त्याचा अर्थ सांगितला. त्या लोकांच्या कथेत जगाच्या अखेरीला एक जहाज सुटतं. ते लाकडाचं नसतं, मेलेल्यांच्या नखांचं असतं. म्हणून ते लोक मेलेल्या माणसाची नखं कापून मगच त्याला निरोप द्यायचे. जितकी नखं कमी, तितका जहाज बांधायला उशीर, तितका जगाचा शेवट लांब.

चार मिनिटं ते तिघं वाजवत होते. आवाज अंगावर आला, छातीत बसला, आणि हळूहळू मला त्यातलं काहीतरी ओळखू यायला लागलं. शब्द कुठं येतात ते मला माहीत होतं. पहिली ओळ इथं. इथं तो श्वास घेतो. इथं आवाज खाली जातो. त्या जागा आल्या की तिघंही हात हलके करत होते, त्याला जागा देत होते, आणि रिकाम्या मायक्रोफोनकडे पाहत होते. माझ्या मांडीवरच्या पिशवीत तो आवाज होता. मी पिशवीचे बंद घट्ट धरून बसले. मनात एकच होतं: तुम्हाला एवढं सगळं मिळालं, हे तरी मला राहू द्या.

परतताना आम्ही रस्त्याकडेच्या रसवंतीवर थांबलो. भावेशनं दोन ग्लास सांगितले आणि प्यायला मात्र लागला नाही. म्हणाला, एक सांगायचं राहिलंय. रागावलात तरी चालेल.

निखिल गेला तेव्हा खोलीत त्याच्याजवळ भावेश एकटाच होता. परिचारिका कागद आणायला गेली होती. भावेशच्या मनात एकदम ते गाणं आलं. तो खाली औषधांच्या दुकानात धावला, नेलकटर आणलं, आणि निखिलची नखं कापली. पायांची दहा, हातांची नऊ. रंगाच्या कामामुळे ती कडेनं निळी असायची. मेलेल्या माणसाला परक्यानं हत्यार लावू नये, हे त्याला नंतर मावशींनी सांगितलं आणि तो घाबरला. तेव्हापासून तो झोपेत दचकतो.

“तुझा विश्वास आहे त्या जहाजावर?”

“नाही ताई. त्याचा होता का ते विचारायचं राहिलं. म्हणून कापली.”

तो पुढे म्हणाला की खरी बोचणी वेगळीच आहे. डाव्या हाताला सलाइनची पट्टी होती, करंगळी तिच्याखाली अडकलेली. पट्टी ओढायला त्याचा हात धजला नाही. तेवढ्यात माणसं स्ट्रेचर घेऊन आली. “एक राहिलं, ताई. एकोणीस झाली आणि एक राहिलं.”

“ते मी कापलं,” मी म्हणाले.

त्यानं वर पाहिलं.

“घरी आणल्यावर. पट्टी सोडवली तेव्हा दिसलं. तेवढं एकच वाढलेलं कसं, असं वाटलं. कापून टाकलं.”

हे खोटं होतं. आमच्याकडे पुरुषाला शेवटची अंघोळ पुरुषच घालतात. त्या वेळी मी आतल्या खोलीत बायकांमध्ये बसले होते. बाहेर आणलं तेव्हा तो गळ्यापर्यंत गुंडाळलेला होता. त्याचा हात मी पाहिलाच नाही. आणि भावेशला धीर द्यावा म्हणून मी खोटं बोलले असंही नाही. तसं लिहिलं तर ते दुसरं खोटं होईल. एकोणीस नखं त्यानं कापली होती. विसावं तरी माझं असावं, एवढंच मला त्या क्षणी हवं होतं.

भावेश कठड्यावर बसला आणि रडायला लागला, सगळ्या रस्त्यादेखत. रसवाल्यानं चरक थांबवला. मग भावेश डोळे पुसत हसला आणि म्हणाला, म्हणजे त्याच्याकडून त्या जहाजाला काहीच मिळालं नाही. आपण दोघांनी मिळून काही सोडलं नाही. तो उठून माझ्या पाया पडला.

ते मला सहन झालं नाही. मी पिशवीतून फोन काढला आणि त्याच्या हातात दिला. सांगितलं की हा चालू आहे, पहिल्यापासून चालू होता, आणि तुला हवं ते यात आहे.

तो रागावेल असं वाटलं होतं. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही ऐकलंत?”

“रोज.”

“कसं झालंय?”

“चांगलं. शेवटच्या ओळीला श्वास पुरत नाही.”

“नेहमीच व्हायचं ते त्याचं,” भावेश म्हणाला, आणि फोन कानाला लावला. ‘भाव्या, हाई आयक’ एवढं मला बाजूनं ऐकू आलं. मी रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिले. ते त्या दोघांचं बोलणं होतं.

संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघाले. भावेशनं ध्वनिमुद्रण उतरवून घेऊन फोन परत दिला. मावशींनी पीठ ठेवून घेतलं आणि त्याच डब्यात घारी (सुरतेची तुपात बुडवलेली मिठाई) भरून दिली. वही मात्र मी घेऊन आले. भावेशनं पानांचे फोटो काढले होते, तरी देताना त्यानं तिच्यावरून एकदा हात फिरवला. राहू दे तुझ्याकडे, म्हणावंसं वाटलं, पण तेवढा मोठेपणा माझ्याकडे नव्हता. बारडोलीचा ऊस या वेळी अंधारात गेला. नवापूरला मी उतरले नाही.

चैत्रात टपालानं एक पाकीट आलं. आत कॅसेट होती. हे संगीत ऐकणारे लोक अजून कॅसेटी जपतात म्हणे. ती वाजवायला माझ्याकडे यंत्र नाही. आतल्या घडीच्या कागदावर काट्यांच्या अक्षरांत बँडचं नाव, खाली इंग्रजीत कोणी काय वाजवलं ते. शब्द आणि आवाज, निखिल. ड्रम, भावेश. आप्पांचं आणि मावशींचं नाव होतं. आणि अगदी तळाशी, सगळ्या इंग्रजीखाली, एकच ओळ मराठीत छापली होती: ‘शेवटचं नख – ताई.’

ज्या वहीत मी कुठंच नाही, तिच्या गाण्यांच्या कागदावर माझं नाव आहे, आणि ते मी न केलेल्या एका कामासाठी आहे. तो कागद मी टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. शाळेतली मुलं विचारतात, ताई म्हणजे तुम्ही का? मी हो म्हणते.

हे सगळं छापून येण्यापूर्वी भावेशला सांगायला हवं, हे मला कळतं. तो झोपतो आता, असं मावशींनी फोनवर सांगितलं, म्हणून मी लांबणीवर टाकते आहे. आणखी एक गोष्ट मी लांबणीवर टाकली आहे. निखिलला अंघोळ आमच्या काकांनी घातली होती. ते नीटनेटके गृहस्थ आहेत. त्यांनी ती पट्टी सोडवली असेल, तेवढं एकच नख वाढलेलं त्यांना दिसलं असेल, आणि त्यांनी ते कापलंही असेल. काका आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. विचारायला दोन मिनिटं पुरतील. मी विचारलेलं नाही. त्यांनी कापलेलं निघालं, तर माझ्यासाठी तेवढंही उरणार नाही.